बशीत सांडलेला चहा

पेट्रोल पंपावर आपली नजर दोनच गोष्टींवर असते. एक मीटर, आणि दुसरा मागचा माणूस आपल्या पुढे घुसत नाही ना. ज्या काँक्रीटवर आपण उभे असतो त्याच्या खाली हजारो लिटर पेट्रोल आणि डिझेल साठवलेलं असतं, हे सहसा डोक्यात येत नाही. एकदा ते आलं, की पुढचा प्रश्न कोणालाही पडतो. खालची टाकी गळत असेल तर वर कळतं कसं?

घराच्या गच्चीवरची टाकी गळली तर भिंतीला ओल येते. खालच्या मजल्यावरचे बोलायला येतात. जमिनीत पुरलेल्या टाकीला असा शेजारी नसतो. तिच्याभोवती असते ती माती, आणि मातीखाली असतं विहिरींचं पाणी. ही दोघंही तक्रार करतात, पण फार उशिरा.

१. डिप रॉडला न दिसणारा थेंब

पंपावर सकाळी एक माणूस टाकीचं झाकण उघडून लांब धातूची पट्टी आत सोडताना तुम्ही पाहिला असेल. तीच डिप रॉड. पट्टी कुठवर भिजली ते मिलिमीटरमध्ये वाचायचं आणि तक्त्यावरून लिटर काढायचे. काल किती होतं, टँकरमधून किती आलं, किती विकलं, याची बेरीज-वजाबाकी जुळली की सगळं ठीक.

आता एक हिशेब करू. समजा टाकी आडव्या नळकांड्यासारखी आहे. व्यास २ मीटर, लांबी ६.४ मीटर, म्हणजे साधारण २०,००० लिटरची. ती अर्धी भरलेली असताना पेट्रोलच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ १२.८ चौरस मीटर भरतं. म्हणून पट्टीवरच्या एका मिलिमीटरचा अर्थ होतो जवळजवळ १३ लिटर.

टाकीच्या तळाला गंजून सुईएवढं भोक पडलं आहे आणि सेकंदाला एक थेंब गळतो आहे असं धरा. २० थेंबांचा एक मिलिलिटर मानला तर दिवसाला सव्वाचार लिटर होतात. पट्टीवर हा फरक एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. कितीही चांगला चष्मा लावा, तो वाचता येणार नाही. वर्षभरात मात्र दीड हजार लिटरहून जास्त पेट्रोल मातीत गेलेलं असतं.

त्यात पेट्रोलचा स्वभाव आडवा येतो. ते तापलं की फुगतं. १०,००० लिटर पेट्रोलचं तापमान एका अंशाने उतरलं तर आकारमान सुमारे १० ते १२ लिटरांनी घटतं. दुपारच्या उन्हात तापून आलेल्या टँकरमधला माल रात्रभर जमिनीत निवला, की काहीही न गळता हिशेबात तूट दिसते. काही वाफ होऊन उडतं, ते निराळंच. लग्नाच्या पंगतीत वरणाच्या भांड्यातून कोणी एक वाटी नेली का, हे उरलेलं वरण मोजून ठरवण्याचा हा प्रकार आहे.

आजकाल टाकीत बसवलेला इलेक्ट्रॉनिक गेज हे काम माणसापेक्षा पुष्कळ चांगलं करतो. तो तरंगत्या फ्लोटवरून पातळी मोजतो, तापमानही बघतो आणि दुरुस्ती करून आकडा देतो. पण त्यालाही मर्यादा आहे. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे अशा गेजने महिन्याच्या चाचणीत तासाला ०.२ गॅलन, म्हणजे सुमारे पाऊण लिटर गळती १०० पैकी ९५ वेळा पकडली पाहिजे. दिवसाचे झाले १८ लिटर. आपला सव्वाचार लिटरवाला थेंब या जाळ्यातून सहज निसटू शकतो.

हा थेंब काल्पनिक वाटत असेल तर अमेरिकेचाच अनुभव पाहा. भूमिगत टाक्यांसाठी त्यांनी १९८४ साली केंद्रीय कायदा केला. तेव्हापासून तिथे नोंदलेल्या गळत्यांची संख्या ५ लाखांच्या वर गेली आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला १९९६ साली पिण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराच्या पाण्याचा निम्मा पुरवठा गेला. पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं एमटीबीई नावाचं रसायन त्या विहिरींत उतरलं होतं. ते पाण्यात चटकन विरघळतं आणि पाण्याबरोबर दूरवर जातं.

२. मग भिंत जाड करा की!

हा उपाय कोणालाही पहिल्यांदा सुचतो, आणि तो चुकीचा नाही, अपुरा आहे. गंज पत्र्याला सगळीकडे सारखा खात नाही. तो एक जागा धरतो आणि तिथेच खोल जातो. पत्रा दुप्पट जाड केला तर भोक पडायला जास्त वर्षं लागतील, पण ज्या दिवशी पडेल त्या दिवशीही माल थेट मातीतच जाईल, आणि पुन्हा कोणाला न कळता. जाड भिंत बळकट असते, पण मुकीही असते.

त्यापेक्षा कप-बशीकडे पाहा. कपाला तडा गेला आणि चहा पाझरला तर तो बशीत उतरतो. टेबलक्लॉथ वाचतो, हा फायदा सगळ्यांना दिसतो. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. बशी कोरडी आहे का ओली, एवढं पाहून कपाची तब्येत कळते. कपात किती चहा होता, किती प्यालो, किती उरला, असलं काही मोजावं लागत नाही.

दुहेरी भिंतीच्या टाकीची सगळी युक्ती एवढीच आहे. आत एक टाकी, तिला बाहेरून गुंडाळणारी दुसरी टाकी, आणि दोघींच्या मध्ये पोकळी. बाहेरची भिंत पोलादाची असेल किंवा फायबरग्लासची. पोकळी कित्येकदा अगदी काही मिलिमीटरचीच असते. खरेदी करताना आपण दुसऱ्या भिंतीचे पैसे मोजतो, पण हाती पडते ती खरं तर ही पोकळी. हजारो लिटरांतून सव्वाचार लिटर शोधायचे असतील तर ते अवघड. जिथे काहीच नसायला हवं तिथे अर्धा लिटर सापडला तर त्यात अवघड काय?

(थर्मासलाही दोन भिंती आणि मध्ये पोकळी असते. पण तिथे पोकळीला उष्णता अडवायची असते. बातमी द्यायची नसते. पुढे एक असं ठिकाण येईल जिथे ती दोन्ही कामं करते.)

३. पोकळीला बोलतं कसं करायचं

सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे पोकळीच्या सर्वांत खालच्या जागी एक सेन्सर ठेवून देणं. आत द्रव आला की छोटा फ्लोट उचलला जातो, स्विच जुळतो आणि केबिनमध्ये घंटा वाजते. पेट्रोल आलं का पाणी, हेही सांगणारे सेन्सर मिळतात. त्यातल्या काहींत पेट्रोल लागलं की फुगणारी पॉलिमरची पट्टी असते. ती फुगली की तिचा विद्युत रोध वाढतो. पाण्याने ती फुगत नाही. त्यामुळे वीजवाहकतेने पाणी ओळखायचं आणि पट्टीने पेट्रोल.

या कोरड्या पद्धतीत एक खोट आहे. बाहेरच्या भिंतीला भोक पडलं आणि भोवतालची माती कोरडी असली तर आत काहीच येत नाही. सेन्सर गप्प बसतो आणि आपण समजतो सगळं छान आहे. पुढे आतली भिंत गळेल तेव्हा बशीलाच भोक असेल.

म्हणून दुसरी पद्धत: पोकळी मुद्दामच मिठाच्या किंवा ग्लायकॉलच्या द्रावणाने भरून ठेवायची आणि तिला टाकीच्या वर बसवलेला एक छोटा साठा जोडायचा. आतली भिंत फुटली तर द्रावण टाकीत उतरेल, बाहेरची फुटली तर मातीत. दोन्ही वेळा वरच्या साठ्याची पातळी खाली जाईल आणि घंटा होईल. कोणती भिंत फुटली ते कळायला पुढची तपासणी करावी लागते, पण फुटली हे नक्की.

तिसरी पद्धत मला सगळ्यांत देखणी वाटते. पोकळीतली हवा पंपाने ओढून घ्यायची आणि आतला कमी झालेला दाब सतत मोजत राहायचं. आतल्या भिंतीला भोक पडलं तर पेट्रोल पोकळीत ओढलं जातं. बाहेरच्या भिंतीला पडलं तर मातीतली हवा किंवा पाणी आत येतं. काहीही झालं तरी निर्वात उतरतो. मुख्य म्हणजे ओढ कायम आतल्या दिशेने असल्यामुळे बातमी कळेपर्यंत थेंबही बाहेर पडत नाही. पावसाळ्यात भूजल वर आलं की ते टाकीत शिरायला बघतं, म्हणजे गळती दोन्ही दिशांनी होऊ शकते. इथे दोन्ही दिशांना एकच पहारेकरी पुरतो.

युरोपच्या ईएन १३१६० या मानकात गळती शोधणाऱ्या पद्धतींचे पाच वर्ग केले आहेत. पहिला वर्ग दाबावर किंवा निर्वातावर चालणाऱ्या पद्धतींचा, दुसरा द्रावणाचा, तिसरा पोकळीतल्या सेन्सरचा. टाकीतला माल मोजून गळती ओळखणं चौथ्या वर्गात जातं. शेजारी निरीक्षण-विहीर खणून तिथे पेट्रोल आलं का ते पाहणं पाचव्यात, कारण तोवर माती नासलेली असते. कॅलिफोर्नियाने जुलै २००४ पासून नव्या टाक्यांना नुसता कोरडा सेन्सर पुरेसा मानणं थांबवलं. पोकळी निर्वात, दाबाखाली किंवा द्रावणाने भरलेली ठेवून तिच्यावर सतत नजर ठेवणं सक्तीचं झालं. उरलेल्या एकेरी टाक्या कायमच्या बंद करायला त्या राज्याने ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत दिली.

४. नळाच्या पोटातल्या दोन तारा

टाकी एका जागी असते. नळ लांबचलांब पसरतो आणि त्याला सांधे असतात. पंपावर टाकीपासून नोझलपर्यंत जाणारा नळही हल्ली दुहेरी मिळतो, म्हणजे नळात नळ. तो टाकीकडे किंचित उतार देऊन टाकतात. आतला नळ गळला तर माल बाहेरच्या नळातून ओघळत टाकीवरच्या चेंबरमध्ये येतो आणि तिथे सेन्सर वाट बघत असतो. उतार नीट दिला नसेल तर मध्येच खळगा होऊन माल तिथेच साचतो. तेव्हा महागड्या सेन्सरपेक्षा गवंड्याची ओळंबा-पाणसळ जास्त मोलाची ठरते.

पण नळ किलोमीटरभर लांब असेल तर? गळती आहे एवढं कळून भागत नाही, कुठे आहे ते कळायला हवं. नाहीतर अख्खा रस्ता खणा.

याचं उत्तर थंड देशांत सापडतं. डेन्मार्कमध्ये जवळपास दोनतृतीयांश घरं एका मध्यवर्ती केंद्रात तापवलेल्या पाण्याने उबदार ठेवतात. हे पाणी रस्त्याखालच्या नळांतून घरोघर जातं. नळाची रचना अशी: आत पोलादी नळ, त्याभोवती फेसासारखं कडक पॉलियुरेथेन आणि बाहेर प्लास्टिकचं जाड कवच. इथे पोकळी रिकामी नाही, फेसाने भरलेली आहे. कारखान्यातच या फेसात तांब्याच्या दोन तारा नळाच्या लांबीभर घालतात आणि रस्त्यात नळ जोडताना ताराही एकमेकींना जोडत नेतात. पुष्कळदा एका तारेला कल्हई केलेली असते. म्हणजे कोणती कोणाला जोडायची याचा घोटाळा होत नाही.

कोरडा फेस वीज जाऊ देत नाही. म्हणून तार आणि पोलादी नळ यांच्यामधला रोध प्रचंड असतो. आतून गरम पाणी पाझरलं किंवा बाहेरच्या सांध्यातून मातीतली ओल शिरली की फेस भिजतो आणि रोध धाडकन खाली येतो. ओल आली हे कळलं. आता कुठे?

एखाद्या कड्यासमोर उभं राहून हाक मारली आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला ते मोजलं तर कडा किती लांब आहे ते सांगता येतं. तारेतही तसंच करतात. तिच्या टोकातून विजेचा एक अगदी छोटा ठोका सोडायचा. जिथे फेस ओला आहे तिथे तारेची विद्युत परिस्थिती बदलते आणि ठोक्याचा काही भाग माघारी फिरतो. मोजणीच्या सोयीसाठी ठोक्याचा वेग सेकंदाला २५ कोटी मीटर धरू. प्रतिध्वनी एका सेकंदाच्या १० लाखाव्या भागाच्या तिप्पट वेळात परत आला. एवढ्या वेळात ठोक्याने ७५० मीटर कापले, त्यातला निम्मा रस्ता जायचा आणि निम्मा यायचा. म्हणून ओल आहे ३७५ मीटरवर. तिथेच खड्डा घ्यायचा.

५. तारापूरच्या नळ्या आणि दवबिंदू

थर्मासबद्दल बोलताना ज्या ठिकाणाचा उल्लेख केला ते पालघर जिल्ह्यात आहे. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आहेत. अशा प्रत्येक भट्टीत ३९२ आडव्या वाहिन्या असतात. वाहिनीत आतली नळी इंधन आणि उच्च दाबाचं, जवळपास ३०० अंश तापमानाचं जड पाणी सांभाळते. तिच्याभोवती दुसरी नळी असते आणि तिच्या बाहेर तुलनेने थंड जड पाणी. दोन नळ्यांमधल्या बारीक पोकळीतून कार्बन डायऑक्साइड खेळवतात. तो गरम आणि थंड पाण्याला एकमेकांपासून तोडून ठेवतो, ही थर्मासची भूमिका. आणि तोच बातमीही आणतो.

बातमी कशी? माठातलं गार पाणी स्टीलच्या पेल्यात ओतलं की बाहेरून दव धरतं. हवेत बाष्प जास्त असेल तर पेला थोडाच गार असूनही दव येतं. हवा कोरडी असेल तर तो फार गार असावा लागतो. ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्याला दवबिंदू म्हणतात. पोकळीतून फिरून आलेल्या वायूचा दवबिंदू सतत मोजत राहायचं. वायू कोरडा असेतोवर तो खूप खाली असतो. कुठल्याही नळीला केसाएवढी चीर पडून ओल आत आली, की तो वर चढतो आणि नियंत्रण कक्षाला कळतं.

मात्र पोकळी पोकळीच राहिली पाहिजे. दोन नळ्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये बांगड्यांसारख्या स्प्रिंगा बसवलेल्या असतात. कॅनडातल्या पिकरिंग केंद्राच्या २ क्रमांकाच्या भट्टीत या स्प्रिंगा जागेवरून सरकल्या. गरम नळी वाकत गेली आणि बाहेरच्या थंड नळीला टेकली. टेकली त्या थंड जागी नळीच्या धातूत मुरलेला हायड्रोजन गोळा झाला आणि ठिसूळ फोड तयार झाले. १ ऑगस्ट १९८३ रोजी नळी जवळपास दोन मीटर फाटली. आधी थोडी गळेल, आपण सावध होऊ, मग फुटेल, हा नेहमीचा क्रम तिने पाळलाच नाही. भट्टी सुरक्षितपणे बंद करता आली, पण पोकळीवरच्या भरवशाला अट काय आहे ते त्या दिवशी उघड झालं.

पोकळीतून ओल मोजायची का आणखी काही, हे आत काय आहे त्यावर ठरतं. दाभोळच्या टर्मिनलमध्ये येणारा द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांना असतो. अशा टाक्यांच्या दोन भिंतींमध्ये तापमापक बसवतात, कारण तिथे गळतीची पहिली खूण म्हणजे अचानक आलेली थंडी.

६. कप फुटला, बशी टिकली

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड नावाची जागा आहे. अण्वस्त्रांसाठी प्लुटोनियम तयार करताना निघालेला सुमारे २१ कोटी लिटर किरणोत्सारी कचरा तिथे १७७ भूमिगत टाक्यांत ठेवला गेला. त्यांपैकी १४९ टाक्या एकेरी भिंतीच्या. त्यातल्या साठाहून अधिक टाक्या गळल्या असाव्यात असं धरलं जातं, आणि नेमकं किती कधी गेलं याचा हिशेब आजही अंदाजाने मांडावा लागतो. नंतर बांधलेल्या २८ टाक्या दुहेरी आहेत.

त्या दुहेरी टाक्यांत पहिली एवाय-१०२. ऑगस्ट २०१२ मध्ये तिच्या दोन भिंतींमधल्या जागेत कॅमेरा सोडला तेव्हा तळाशी वाळलेला कचरा दिसला. आतली भिंत गळली होती. कचरा मातीत गेला नव्हता, तो बशीत होता. टाकी रिकामी करायचं काम २०१६ आणि २०१७ साली झालं. एकेरी टाकी असती तर ही मधली चार-पाच वर्षं मातीने मोजली असती. इथे ती योजना आखण्यात, यंत्रं बनवण्यात आणि सरकारी खात्यांच्या आपसातल्या वादात गेली. वाद घालायला वेळ मिळणं हीसुद्धा चैन आहे.

७. घंटा वाजते तेव्हा

आता उलटी गोष्ट. २५ जुलै २०१० रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मार्शल गावाजवळ खनिज तेलाची एकेरी पाइपलाइन फाटली. दाब उतरल्याच्या सूचना नियंत्रण कक्षात येत होत्या. पण नळात मध्येच वाफेचा बुडबुडा अडकला तरी दाब तसाच उतरतो. तिथल्या माणसांनी बुडबुडा आहे असं धरलं आणि तो ढकलायला पंप दोनदा पुन्हा चालू केले. १७ तासांहून अधिक वेळ कोणालाही फाटलेला नळ लक्षात आला नाही. सांडलेल्या तेलातलं सुमारे ८१ टक्के त्या दोन वेळच्या पंपिंगमध्ये गेलं. खबर शेवटी बाहेरून, एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने दिली.

त्या माणसांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण दाब उतरण्याला दोन कारणं असू शकतात तिथे थकलेला माणूस बहुधा कमी त्रासाचं कारण निवडतो. कोरड्या पोकळीत तेल येण्याला एकच कारण असतं.

तरी पोकळीचीही फसगत होते. पंपावरच्या चेंबरचं झाकण नीट बसलेलं नसेल तर पावसाचं पाणी आत उतरतं आणि घंटा वाजते. चार पावसाळी रात्री वाजली की पाचव्या रात्री कोणीतरी तिचा आवाज बंद करतो. कधी सेन्सर तारेवरून थोडा वर उचलून ठेवतात, म्हणजे तो भिजायलाच नको. केबिनमधला दिवा मग वर्षानुवर्षं हिरवा राहतो.

म्हणून अमेरिकेत या उपकरणांची वर्षातून एकदा चाचणी घ्यावी लागते. द्रव ओळखणाऱ्या सेन्सरची चाचणी पाहायला फार काही लागत नाही. तंत्रज्ञ चेंबरचं झाकण काढतो, सेन्सर जागेवरच आहे ना ते बघतो, वर ओढतो आणि शेजारी ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवतो. केबिनमधला दुसरा माणूस ओरडून सांगतो, वाजली. मग सेन्सर पुसून कोरडा करायचा आणि पुन्हा तळापर्यंत सोडायचा.